शेवटचे दोनशे मीटर : तांबं, काच आणि आमच्या वाड्यांचं वायफाय

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. नेट नीट चालत असेल तर सावकाश वाचा. चालत नसेल तर ते का चालत नाही, याचं निम्मं उत्तर खाली आहे.

परवा मिरजोळ्यात चहाच्या टपरीवर एका काकांनी मला अडवलं. "काय हो पत्रकार, गावात फायबर आली म्हणून तुम्हीच छापलंत ना? मग आमच्या वाडीत नेट का नाही?"

बातमी खरी होती. काकांचा प्रश्नही खरा होता. या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये फक्त दोनेकशे मीटर अंतर आहे. आजची पोस्ट त्या दोनशे मीटरबद्दल आहे.

आधी एक घडलेला प्रकार सांगतो. आपल्याच भागातली एक शाळा. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष एकट्या कुणाचा नव्हता. फायबर रस्त्याकडेच्या एका कार्यालयापर्यंत आलेली. शाळा पर्‍याच्या पलीकडे, सड्यावर. सरळ मोजलं तर २१० मीटर. शाळेत वायफायचा डबा, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट, बसवायचं ठरलं. ज्याला काम दिलं त्यानं साधी लॅन केबल आणली. ती एवढी लांब चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून मधल्या एका घराच्या पडवीत प्लास्टिकच्या डब्यात छोटा स्विच ठेवला आणि दोन तुकडे जोडून केबल फणसाच्या आधारानं पुढे नेली. नेट चालू झालं. नारळ फुटला, फोटो निघाले, आणि बातमी मीच लावली.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वळीव आला. वीज शाळेवर पडली नाही, फणसावरही पडली नाही, लांब कुठेतरी कातळावर पडली. तरी सकाळी बघतात तर शाळेतला डबा गेलेला, पडवीतला स्विच गेलेला, कार्यालयातल्या राउटरचं तोंड जळलेलं आणि शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटरही बंद. पुढचं वर्षभर मुलं त्या कार्यालयाच्या ओट्यावर बसून अभ्यासाचे व्हिडिओ उतरवून घेत होती. ती बातमी मात्र मी लावली नाही. चूक माझीही आहे.

नंतर एमआयडीसीत सीसीटीव्हीची कामं करणारा एक पोरगा भेटला. त्याला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "काका, दोन इमारतींच्या मध्ये तांबं कशाला टाकलंत? काच टाकायची. दोन्ही टोकांना एकेक कन्व्हर्टर. आमच्याकडे गेटवरचे कॅमेरे सगळे असेच आहेत."

काडेपेटीच्या चार-पाच पेट्या शेजारी ठेवल्यावर होईल एवढी ती डबी. मीडिया कन्व्हर्टर म्हणतात. एका बाजूला लॅन केबलचं तोंड, दुसऱ्या बाजूला फायबरचं. तांब्यातून आलेल्या विजेच्या खुणा ती उजेडात बदलते आणि पलीकडची जोडीदार डबी त्या उजेडाची पुन्हा वीज करते. तिचं काम एवढंच. पण ही डबी का जन्मली हे शोधायला गेलो, तर गोष्ट थेट तारेच्या जमान्यापर्यंत मागे गेली.

तार आणि वीज

भारतात तारायंत्राचे पहिले प्रयोग १८३९ साली कलकत्त्याजवळ झाले. करणारे विल्यम ओ'शॉनेसी, पेशानं डॉक्टर. १८५१ च्या सुमारास कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाइन चालू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तारा देशभर पसरल्या. युरोपातल्यासारखी बारीक तार इथे टिकायची नाही हे त्यांनी ओळखलं. इथे वादळ, माकडं, मुसळधार पाऊस आणि मुख्य म्हणजे आकाशातली वीज. म्हणून त्यांनी सुरुवातीला जाड लोखंडी सळ्यांच्याच लाइनी टाकल्या.

म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच पहिला धडा मिळाला होता. धातूची लांब तार उघड्यावर टाकली की ती निरोप वाहून नेते, तशीच आकाशातली वीजही घरात आणते. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. धडा मात्र आपण त्याच्या आधीच विसरलो होतो.

उजेडानं बोलणं

दुसरा धागा उजेडाचा. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल यांनी १८८० साली 'फोटोफोन' केला. सूर्याचा उजेड आरशावरून पाडून त्यातून आवाज पाठवायचा. वॉशिंग्टनमध्ये त्यांनी आवाज पाठवला तो २१३ मीटरवर. आमच्या शाळेचं अंतर जवळजवळ तेवढंच! पण उघड्या हवेतला उजेड तो. ढग आले, पाऊस आला की संभाषण खलास. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो बंदच राहिला असता.

उजेडाला नळीत कोंडायला हवं होतं. पाण्याच्या वाकलेल्या धारेतून उजेड धारेबरोबर वाकतो, हे १८४१ मध्ये जिनेव्हात डॅनियल कोलाडॉन यांनी दाखवलेलं. पाण्याऐवजी काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याचं काम १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. ते करणाऱ्या दोघांपैकी एक आपले नरिंदरसिंग कपानी, पंजाबातल्या मोग्याचे. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ झालं तेही त्यांच्यामुळे.

अडचण एकच होती. काच मळकट होती. थोड्या अंतरावर उजेड मरायचा. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स काओ यांनी सांगितलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. एक किलोमीटरनंतर निदान १ टक्का उजेड शिल्लक राहील इतकी शुद्ध काच करा, मग बघा. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या तिघांनी ती करून दाखवली. काओ यांना २००९ चं नोबेल मिळालं. कपानींना मिळालं नाही, त्याची हळहळ अजून होते. आज साध्या बाजारातल्या फायबरमध्ये एक किलोमीटरनंतर ९० टक्क्यांहून जास्त उजेड शिल्लक असतो.

शंभर मीटरची वेस

तिसरा धागा ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा. इथरनेट, म्हणजे आपण जिला लॅन म्हणतो, तिची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात कागदावर मांडली. सुरुवातीची केबल जाड, टीव्हीच्या केबलच्या जातीची, एक तुकडा ५०० मीटरपर्यंत जायचा. मग पातळ आली, ती १८५ मीटर. १९९० मध्ये टेलिफोनसारख्या पिळाच्या तारांवर इथरनेट आलं. स्वस्त, सोपं, कुणालाही ओढता येईल असं. पण अंतर घटून १०० मीटरवर आलं. ९० मीटर भिंतीतली पक्की केबल आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या जोडतारा, असा हिशेब पुढे कायम झाला.

हा हिशेब कुणी केला? ऑफिस इमारती डोळ्यांसमोर ठेवणाऱ्यांनी. त्यांच्या एका मजल्याला १०० मीटर पुष्कळ. कोकणातली वाडी त्यांनी बघितली नव्हती. आपल्याकडे दोन घरांच्या मध्ये एक गडगा, एक आंब्याची बाग, एक पर्‍या आणि भावकीचा एक जुना दावा असतो. आपले १०० मीटर दुसऱ्या घरापर्यंतसुद्धा पुरत नाहीत.

पण गंमत बघा. दोन इमारती जोडायच्या तर तांबं चालणार नाही, हे इथरनेटवाल्यांनाही लवकर कळलं. १९८७ मध्येच त्यांनी फायबरचा दुवा प्रमाणात आणला. दोन रिपीटरच्या मध्ये १ किलोमीटरपर्यंत फायबर टाकायची मुभा त्यात होती. आमच्या पोरग्याच्या हातातली डबी त्याच घराण्यातली. म्हणजे शाळेच्या प्रश्नाचं उत्तर जगात १९८७ पासून तयार आहे. मग ते आमच्या वाडीत का पोचलं नाही?

मोठी लाइन येते, शेवटचा सांधा राहतो

इथून पुढचा इतिहास आपल्या महाराष्ट्राचा आहे आणि त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडताना दिसते.

भारतातली पहिली फायबर लाइन कुठे टाकली माहीत आहे? पुण्यात. १९७९ मध्ये, टेलिफोन एक्स्चेंज जोडायला. म्हणजे कॉर्निंगची काच आल्यावर अवघ्या नऊ वर्षांत मराठी मातीत फायबर होती. पण एक्स्चेंजपासून घरापर्यंत पुढची कित्येक वर्षं तांबंच राहिलं. पावसात फोन खरखरायचे, लाइनमनची वाट बघायची, हे माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल.

मग कोकण रेल्वे. २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूरपर्यंतचा पूर्ण मार्ग खुला झाला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा उंच पूल आपल्याच तालुक्यातले. रुळांच्या कडेनं कोकण रेल्वेची फायबरही गेली. आपल्या डोंगराच्या पोटातून उजेडाचा धागा गेला आणि बोगद्यावरच्या वाडीत मोबाईलला रेंज मिळेना, असा काळ आपण काढलाय.

त्याच १९९८ मध्ये पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र, राज्य आणि वारणेच्या सहकारी संस्था, सगळे मिळून ७० गावं जोडायची होती. शेतकऱ्यानं गावातल्या केंद्रावर जाऊन उसाचा हिशेब बघायचा. कल्पना काळाच्या पुढची होती. पण काही वर्षांनी संशोधक तिथे गेले तेव्हा दिसलं की कॉम्प्युटरवर कामं मोजकीच होतात आणि सांभाळायचा खर्च मात्र मोठा. मग तीच माहिती मोबाईलच्या एसएमएसवर देऊन बघितली, आणि ती जमली. म्हणजे कल्पना चांगली होती, तिचं टोक सांभाळणं जड गेलं.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रानं प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. दुसऱ्या टप्प्यात आपल्या राज्यानं महानेट या नावानं काम हाती घेतलं. २०२३ मध्ये सुधारित योजनेला १ लाख ३९ हजार कोटींची मंजुरी मिळाली. आकडा पुन्हा वाचा. एवढी मोठी लाइन ग्रामपंचायतीच्या दारात येते. पण ग्रामपंचायत म्हणजे गाव नव्हे. कोकणात तर नव्हेच. आपलं गाव म्हणजे आठ-दहा वाड्या, चढ-उतारावर विखुरलेल्या.

ही पुढची फट ओळखून काम केलं ते आयआयटी मुंबईच्या मंडळींनी. प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाचा 'ग्राममार्ग' प्रकल्प पालघर जिल्ह्यात झाला. फायबर जिथे संपते तिथून पुढे पाड्यांपर्यंत बिनतारी दुवे. टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरही त्यांनी चाचण्या केल्या. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या कामाला पहिलं बक्षीस मिळालं. जगानं दखल घेतली ती मोठ्या लाइनीची नव्हे, लाइन संपल्यानंतरच्या तुकड्याची.

आणि हा तुकडा किती मोलाचा आहे ते २०२० नं दाखवलं. शाळा मोबाईलवर भरू लागल्या. सिंधुदुर्गातली एक विद्यार्थिनी रेंज मिळते म्हणून डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करत होती, ती बातमी देशभर गेली. आपण टाळ्या वाजवल्या. खरं तर लाज वाटायला हवी होती. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. दोन्ही वेळी टॉवर आडवे, वीज गेलेली, आणि मुंबईतली मुलं गावच्या आईबापांचा आवाज ऐकायला दिवसचे दिवस फोन लावत होती.

मग वाडीत काय करायचं?

शेवटच्या तुकड्यासाठी आपल्याकडे तीन वाटा आहेत.

एक, तांबं. एकाच इमारतीत आणि १०० मीटरच्या आत उत्तम. ते वायफायच्या डब्याला त्याच केबलमधून वीजही पुरवतं, ही मोठी सोय. पण एका इमारतीतून दुसरीत न्यायचं झालं की धोका. दोन इमारतींच्या जमिनीचा विद्युतदाब सारखा नसतो. लांब कुठेतरी वीज पडली तरी तो फरक एकदम वाढतो आणि केबलमधून यंत्रात शिरतो. आमच्या शाळेत हेच झालं. शिवाय आपला जांभा कोरडा पडला की अर्थिंग लागता लागत नाही, हे कुठलाही वायरमन सांगेल. मे महिन्यात, वळवाच्या तोंडावर, जांभा सगळ्यात कोरडा असतो.

दोन, बिनतारी. दोन छपरांवर समोरासमोर दोन रेडिओ. २००५ पासून वायफायच्या लहरींना परवाना लागत नाही, त्यामुळे कागदपत्रांचा त्रास नाही. खणायचं नाही, खांब नाहीत. पण समोरासमोर नजर पोचली पाहिजे. पालघरच्या मोकळ्या पट्ट्यात जे जमतं ते आपल्या माडांच्या आणि आंब्याच्या दाटीत जमेलच असं नाही. जानेवारीत लावलेला दुवा जूनमध्ये पानं भरली की लंगडतो.

तीन, काच आणि दोन डब्या. काचेतून वीज जात नाही. अंतराची चिंता नाही, साध्या जोडीवरसुद्धा वीस किलोमीटरचा आकडा छापलेला असतो. आपल्याला हवेत दोनशे मीटर. दोन्ही डब्यांचा खर्च एका स्वस्तातल्या मोबाईलपेक्षा कमी.

आता यातल्या खाचाखोचा, कारण "डबी लावली की झालं" असं सांगितलं तर मीही त्या नारळ फोडणाऱ्यांपैकीच एक होईन.

काच वीज नेत नाही हा तिचा गुण, आणि तोच तिचा दोष. पलीकडच्या टोकाला डबीला आणि वायफायच्या डब्याला स्वतंत्र वीज लागते. शाळेत वीज गेली की नेट गेलं. म्हणून तिथे छोटी बॅटरी हवीच. आणि विजेच्या मीटरमधूनही दाब येतो, त्यासाठी संरक्षण वेगळं लावावं लागतं.

एकाच धाग्यावर चालणाऱ्या डब्या ए आणि बी अशा जोडीनं येतात. एक ज्या रंगाच्या उजेडात बोलते त्यात दुसरी ऐकते. दोन्ही ए आणल्या तर दिवे लागतील, नेट येणार नाही. बिघडलेली बदलताना हा घोळ नेहमी होतो.

केबलच्या आत लोखंडी कवच किंवा तार असते का, हे विचारा. उंदीर आणि कोयत्यापासून ते वाचवतं, पण वीज ओढतं. मग काच टाकून फायदा काय? दोन इमारतींच्या मध्ये बिनधातूची केबल मिळते, ती मागा. कवचाचीच घ्यायची झाली तर ते कवच नीट अर्थ करायला सांगा.

आणि सगळ्यात मोठं. फायबर तुटली तर लॅन केबलसारखी कात्रीनं सोलून जोडता येत नाही. सांधायला यंत्र आणि हात लागतो. महामार्गाच्या चौपदरीकरणात जेसीबीनं केबल तोडली की किती दिवस जातात ते आपण बघितलंय. वाडीतली तुटली तर कुणाला फोन करायचा, हे टाकण्याआधी ठरलेलं पाहिजे.

आमच्या शाळेचं पुढे काय झालं? पालकांनी वर्गणी काढली. त्या पोरग्यानं रविवारी येऊन काम केलं, मजुरी घेतली नाही, फक्त जेवून गेला. पर्‍यावरून केबल ताणली, दोन्ही टोकांना डब्या, शाळेत जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी. एक जादा बी डबी मुख्याध्यापकांच्या कपाटात. त्या दिवसानंतर दोन वळीव होऊन गेले. पहिल्या वळवात कार्यालयाच्या बाजूचा राउटर गेला, वीज मीटरमधून आली होती. पण ती काचेपाशी थांबली. शाळेतलं काहीच गेलं नाही.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा हा इतिहास वाचून मला एवढंच कळलं. मोठी लाइन सरकार आणतं, कंपन्या आणतात, तिचं उद्‌घाटन होतं. शेवटचा सांधा कुणाचाच नसतो. तारेच्या काळात तो नव्हता, टेलिफोनच्या काळात नव्हता, आताही नाही. तो आपलाच म्हणून धरला तर टिकतो.

म्हणून येत्या ग्रामसभेत, १५ ऑगस्टची असो की २ ऑक्टोबरची, उठून एवढं विचारा. आपल्या ग्रामपंचायतीत फायबर आली आहे का आणि ती आज चालू आहे का? तिथून शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र किती मीटरवर? मधला तुकडा तांब्याचा आहे की काचेचा? तिकडची वीज गेली तर काय? बिघडलं तर कोण बघणार, आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून?

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. आणि इथे कमेंटमध्ये तुमच्या वाडीचं नाव व अंतर टाका. मी यादी करतो. यावेळी बातमी उद्‌घाटनाची लावणार नाही. वळवानंतर काय उरलं, त्याची लावीन.